मी बॉक्सिंगची घंटा, मुक्काम मंगल कार्यालय

रविवारी सकाळी आमच्या तालमीतल्या उज्वलानं मला चिंच लावली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. तसा माझ्या पोटात गोळा कायमचाच असतो, त्याला लोलक म्हणतात. पण हा दुसरा होता, काळजीचा.

बघा ना, दसरा नाही, पाडवा नाही, आणि ही पोरगी उजाडताच चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन मला घासायला बसलेली. बाहेरून, आतून, कडेच्या खाचांतून. वर गुणगुणत! आमच्या नाशकात भांडं असं अवेळी लखलखीत करतात ते दोनच कारणांनी. एक तर घरात कार्य असतं, नाहीतर ते भांडं कुणाला तरी देऊन टाकायचं असतं. तालमीत कुणाचं कार्य असणार? म्हणजे दुसरंच. मला घाम फुटला. उज्वलाला वाटलं, चिंचेचं पाणी आहे.

थांबा, मी कोण ते सांगायचंच राहिलं. घाबरले की माझं असं होतं, शेंडा आधी आणि बुडखा मागाहून. मी घंटा. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे, बॉक्सिंगची. जुन्या नाशकातल्या एका तालमीत माझा मुक्काम. माझा एक टोला पडला की दोन जण एकमेकांच्या अंगावर तुटून पडतात, आणि दुसरा पडला की एकमेकांच्या गळ्यात पडतात. मधल्या वेळात जे काही होतं ते मी डोळे मिटून नुसतं ऐकते. बघवत नाही हो.

माझा जन्म नाशकातलाच. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमागे एक बोळ आहे, तिथल्या ओताऱ्याच्या भट्टीत मला ओतलं. गार झाल्यावर त्यानं मला कानशीनं घासलं, लोलक बसवला आणि पहिला टोला दिला. मी इतकी दचकले की विचारू नका! एवढा मोठा आवाज आपल्याच अंगातून निघाला हे मला आजही खरं वाटत नाही. दर टोल्याला मी नव्यानं दचकते. लोक त्याला नाद म्हणतात आणि किती वेळ घुमतो म्हणून कौतुक करतात. अहो, कसला नाद? थरथरतेय मी!

खरं तर मला सायखेड्याच्या एका देवळासाठी केलं होतं. पण पहिल्याच आरतीला मी अशी काही कडाडले की पुजारीबुवांच्या हातातली पळी निसटली आणि बाहेर बांधलेली गाय दावं तोडून थेट गोदावरीत जाऊन उभी राहिली. "ही नको बाबा," बुवा म्हणाले, "हिच्या आवाजानं देव जागा व्हायचा नाही, उठून जायचा." झालं, मी परत भट्टीच्या कोपऱ्यात. देवळातून परत आलेली घंटा! बाकीच्या घंटा माझ्याशी बोलेनात.

तिथून मला उचललं ते पुंजादादांनी. दादा दूधवाले. रोज सायकलवरून देवळालीच्या लष्करी छावणीत दूध घालायचे. तिथं जवान लोक मैदानात दोऱ्या बांधून, हातात उशांसारखे मोजे घालून एकमेकांना ठोसे मारत. दादा दुधाचं माप हातात धरून बघत राहायचे. असंच बघता बघता एक दिवस त्यांनी माप खाली ठेवलं आणि स्वतःच दोऱ्यांच्या आत शिरले. ओठ सुजवून घरी आले ते हसतच. मग छावणीतल्या एका हवालदारानं दिलेले फाटके मोजे त्यांनी तालमीत आणले, तेव्हा कुस्तीचे वस्ताद पोट धरून हसले.

"पुंजा, धरायचं नाही, पाडायचं नाही, मग करायचं काय? नुसतं चोपायचं?"

"चोपायचंच, वस्ताद. पण नियमानं चोपायचं."

"मग माझी आई चोपायची ती काय बिननियमानं?"

पण नियम म्हटला की वेळ आली, आणि वेळ म्हटली की टोला आला. सुरुवातीला दादा दुधाच्या कॅनवर माप बडवून फेरी संपवायचे. थोड्याच दिवसांत कॅनला असे पोचे आले की त्यांच्या पत्नी, यशोदाबाई, पदर खोचून तालमीच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्या ठोशांपायी माझ्या कॅनमधे दूध मावेना झालंय! दुसरं काहीतरी बडवा." लगेच दादा ओताऱ्याकडे आले. मला एकदा वाजवून बघितलं, दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "हीच पाहिजे. हिचं भांडणारा माणूससुद्धा ऐकेल."

जो गुण देवळात नडला त्यावर इथं माझी नेमणूक झाली! त्या क्षणी मी दादांची झाले.

मग काय, माझ्या देखत किती नाकं वाकली आणि किती माणसं सरळ झाली! एका अंगाला कुस्तीचा लाल मातीचा हौदा, दुसऱ्या अंगाला दोऱ्यांचं रिंगण आणि मधल्या भिंतीत मारुतीराया, दोघांकडे सारख्याच मायेनं बघणारा. रिक्षावाले आले, नोटांच्या छापखान्यातले कामगार आले, कॉलेजातली पोरं आली. कुणी फौजेत गेलं, कुणी पोलिसात. एक जण तर दातांचा डॉक्टर झाला. तो सांगतो, धंद्याची कल्पना मला इथंच सुचली.

दादा गेले आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथ सर सातपूरच्या कारखान्यातली पाळी सांभाळून शिकवू लागले. मग मुली आल्या. पहिल्या दिवशी मारुतीरायासमोर पडदा लावावा की काय यावर जुन्या मंडळींची मोठी चर्चा झाली. चर्चा संपेपर्यंत मुली सराव करून घरीही गेल्या होत्या.

तालमीचा एक रिवाज मात्र तेव्हापासून तसाच आहे. रिंगणात उतरण्याआधी कपाळाला माती लावायची, मग मला दोन बोटं टेकवून ती छातीला लावायची. पण वाजवायचं नाही. वाजवायचा हक्क फक्त वेळ बघणाऱ्याचा. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरच्यांना ठाऊक नाही, आणि रविवारी सगळं घोडं तिथंच अडलं.

पण त्याआधी मोहिनी. ही पेठ तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरची. नाशकात मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेज करते. पहिल्यांदा तालमीत आली तेव्हा मी वाजले आणि ती टुणकन उडाली. मीही उडाले. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अगं बाई, माणसांतही असं कुणी असतं! तेव्हापासून आमचं जमलं. फरक एवढाच की तिचं दचकणं हातात उतरतं. दचकली की डावा ठोसा असा सुटतो की समोरचीला लागून परत आला तरी तिला पत्ता नसतो. रंगनाथ सर म्हणतात, "बाकीच्यांना मी चपळाई शिकवतो. हिला फक्त दिशा दाखवतो."

मागच्या आठवड्यात तिच्या वडिलांचा, मंगळूभाऊंचा फोन आला. मोहिनीचे हात पट्ट्यांनी बांधलेले, म्हणून उज्वलानं तो स्पीकरवर धरला होता.

"यंदा जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर खेळ, शीक, माझी ना नाय. नाय लागलं तर दिवाळी झाली का आमच्यासंगं द्राक्षाच्या बागेवर चल. तिथं हात लागतात."

"बरं, बाबा."

फोन बंद झाला आणि तिनं भरलेल्या बॅगेवर असे ठोसे घातले की छपराची धूळ माझ्या डोक्यावर आली. रविवारची लढत जिंकली तर संघात. हरली तर बागेवर. मधलं काही नाही.

आणि त्या रविवारी माझी ही चिंच! उज्वलानं मला पुसून पोत्यात गुंडाळलं तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. मारुतीराया, येते. रंगनाथ सर, सांभाळा. मोहिनी, डावा वर ठेव गं. रिक्षा सुरू झाली, माझा लोलक टकटक कापू लागला, आणि उज्वला रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, पेठ रोडचं मंगल कार्यालय."

मंगल कार्यालय! म्हणजे खरंच कार्य! मी पोत्यातल्या पोत्यात एवढी किणकिणले की रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "ताई, मुंज आहे का?"

"निवड चाचणी आहे," उज्वला म्हणाली.

"मुलगी बघायची आहे होय," असं म्हणून त्यानं रिक्षा दामटली.

त्याचं झालं होतं असं की तालमीत रिंगण आणि प्रेक्षक एकदम मावत नाहीत. कार्यालयाचे मालक पुंजादादांचे जुने चेले, आणि त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती. नवरानवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या बाजूला सरकवून रिंगण मांडलं. प्रश्न माझा होता. मला टांगायला आकडा कुठं? अख्ख्या कार्यालयात एकच भक्कम आकडा, मुख्य दारात, तोरणाचा. मग वेळ बघणाऱ्याचं टेबल दारात आणि मी त्याच्या डोक्यावर. कार्यालयाचे व्यवस्थापक रविराज, ते नेहमी लग्नांत माईकवरून बोलतात, त्यांनी कौतुकानं मला झेंडूची माळ घातली. मी लाजले. मंडपवाला आपली शिडी घेऊन दुसऱ्या कामाला गेला.

आता तुम्हीच विचार करा. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत गालिचा नवा. दारात माळ घातलेली लखलखीत घंटा. आणि आत येणारा माणूस नाशिकचा, ज्याचा हात देवळांच्या गावात वाढलाय. तो काय करेल?

टण्ण!

पहिली लढत मुलांची होती. दोघं नुकते भिडले होते, एवढ्यात नांदगावचे एक काका चप्पल काढून आत आले, मला वाजवलं, डोळे मिटून नमस्कार केला. दोन्ही पोरं थांबली आणि आपापल्या कोपऱ्यात जाऊन पाणी पिऊ लागली. पुण्याहून आलेले पंच घड्याळाकडे बघत राहिले.

पुन्हा सुरू. टण्ण! एक बाई, कडेवर बाळ. बाळालाही उचलून वाजवायला लावलं. टण्ण!

एका मुलाला चांगलाच चोप बसत होता. मी वाजले की त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं! त्याच्या मामाच्या ते लक्षात आलं. मग मामा बाहेर जायचा, चप्पल घालायचा, चप्पल काढायचा आणि भक्तिभावानं आत यायचा. एकाच फेरीत तो पुन्हा पुन्हा आला. इतका देवभोळा माणूस मी सायखेड्यातही पाहिला नव्हता.

"ही बॉक्सिंगची घंटा आहे का देवळाची?" पंच ओरडले.

"आता दारात टांगली म्हटल्यावर लोकांचा हात जाणारच, साहेब," रविराज म्हणाले. "लग्नात तर आम्ही केळीच्या खांबालाही नमस्कार करताना बघतो."

उज्वलानं पुठ्ठ्यावर 'हात लावू नये' असं लिहून माझ्याखाली अडकवलं. पण ते वाचायला माणूस जवळ येणार, आणि जवळ आला की हात आपोआप वर! आधी वाजवायचे, मग वाचायचे, मग "अरेच्चा" म्हणायचे. दोरी वर गुंडाळून ठेवली, तर उंच माणसं टाचा उंचावून थेट माझा लोलकच हलवू लागली. मला इतक्या गुदगुल्या कधी झाल्या नव्हत्या. उतरवावं तर शिडी नाही.

म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, तेव्हा तुमचेच जोडा, पण मला लावू नका! दारातली प्रत्येक घंटा देवाची नसते. एखादी कुणाच्या तरी नाकाची असते.

शेवटी पंचांनी फर्मान काढलं. "घंटा रद्द. फेरी शिट्टीवर."

रद्द! माळेसकट! मी तशीच लोंबकळत राहिले, आणि येणारेजाणारे वाजवतच राहिले.

शिट्टीचीही गंमतच झाली. खेळाडू अंग गरम करायला मागच्या भटारखान्यात थांबले होते आणि तिथं सगळ्यांच्या मिसळीसाठी मटकी शिजत होती. मोठमोठाले कुकर. एक शिट्टी झाली की मोहिनी उठून उभी. टोला पडला की मोहिनी उभी. दोन्ही एकदम झालं तेव्हा ती एवढी दचकली की तिच्या डाव्या ठोशानं कांद्याची पाटी उलटली.

"अगं, मटकी आहे ती!" उज्वला हसून हसून बेजार. "मटकीशी लढणार आहेस का?"

रंगनाथ सर धावत आले. उज्वलानं मला मागाहून सगळं सांगितलं ते असं. सर म्हणाले, "पोरी, आता घंटा ऐकायची नाही, शिट्टी ऐकायची नाही. डोकं शांत ठेव. तुझं नाव पुकारलं की कुणीतरी न्यायला येईल."

कुणीतरी! आपल्याकडे हा फार मोठा माणूस आहे. सगळी कामं त्याच्यावर सोपवतात आणि तो कधीच येत नाही.

एवढ्यात दारात एक म्हातारी आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पिशवी, एस.टी.चा प्रवास करून थकलेली. मोहिनीची आजी, वत्सलाबाई. तिचा हात माझ्या दोरीला पोचेना, तर तिनं टेबलावरच्या माणसाला सांगितलं, "ए बाबा, जरा वाजीव माझ्या नावानं." त्यानं वाजवली! वेळ बघणाऱ्यानं! उज्वला कपाळाला हात लावून पुढे आली.

"आजी, देऊळ नाही हे. बॉक्सिंग आहे."

"मंग देव कुठं बसवलाय?"

"देव नाही, पंच आहेत."

"त्ये पांढऱ्या कापडातले? मंग बराबर हाय," असं म्हणून तिनं पंचांना लांबूनच नमस्कार केला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मोहिनी आतून पळत येऊन तिला बिलगली.

"बाबा काय म्हणाले गं?"

"तुझा बाप म्हनला, पोरगी नाव काढती का नाक फोडून घेती ते बघून ये."

"आणि हरले तर?"

आजी पिशवीतून नागलीची भाकर काढून म्हणाली, "हरली तर मी तुला घेऊनच जायची हाय, बाय. तसं सांगून धाडलंय मला."

मोहिनीनं भाकरीला हात लावला नाही. आत गेली ती दिसेनाशीच झाली.

आणि मग तिची लढत आली.

रविराज यांनी माईक हातात घेतला. सवय ती सवय! "निळ्या कोपऱ्यात, सटाण्याची चि. सौ. कां. स्नेहल!" लोक हसले, टाळ्या पडल्या. स्नेहल दोऱ्यांखालून आत आली, उंच, सावळी, हसतमुख. "आणि लाल कोपऱ्यात, चि. सौ. कां. मोहिनी!"

लाल कोपरा रिकामा.

"चि. सौ. कां. मोहिनी! मुलीकडच्या मंडळींनी कृपया मुलीला मांडवात आणावं!"

पुन्हा हसू. पण रंगनाथ सर हसले नाहीत. त्यांनी उज्वलाकडे बघितलं. "तू गेली होतीस ना आणायला?"

"मला वाटलं तुम्ही गेलात, सर!"

"मी इथं रिंगणाची दोरी आवळत होतो. मग कोण गेलं?"

कुणीतरी गेलं होतं म्हणे.

भटारखान्यात धावले, तिथं नाही. मोरीपाशी नाही, मिसळीच्या रांगेत नाही, चपलांपाशी नाही. माईकचा आवाज मागे पोचतच नव्हता, तिथल्या पंख्याची घरघरच एवढी. "मोहिनी! ए मोहिनी!" सगळे एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे कुणाचंच ऐकू येत नव्हतं. सटाण्याची मंडळी खुर्च्यांवर चढून विचारू लागली, "कोठे शे तुमनी पोर? घाबरी गई का?"

पंच दोऱ्यांपाशी आले. "नियम आहे. खेळाडू आली नाही की घंटा द्यायची. त्यानंतर ठरल्या वेळात आली नाही तर समोरचीला विजयी करायचं."

"साहेब, शिट्टी मारा ना मग," उज्वला रडवेली झाली.

"नियमात घंटा लिहिली आहे. घंटाच."

सकाळपासून रद्द झालेली मी, आणि आता नेमकी या कामाला! माझी गुंडाळलेली दोरी सोडली. मी सगळा जीव गोळा करून आवळून धरला, पण लोलकाला काय कळतं?

टण्ण.

इतका वाईट टोला मी जन्मात दिला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणाला काही वाटलंच नाही. दिवसभर मी इतक्यांदा फुकट वाजले होते की दारातल्या एका माणसानं सवयीनं हात जोडले आणि पुढे गेला. मोहिनी कुठंही असली तरी तिला वाटलं असणार, आलं कुणीतरी चप्पल काढून. तिला तेच सांगितलं होतं ना, घंटा ऐकू नकोस म्हणून!

पंचांनी हातातलं घड्याळ सुरू केलं. स्नेहल निळ्या कोपऱ्यातून म्हणाली, "सर, थांबूया ना थोडं. एवढे दिवस मी भात सोडला, तो काय नुसतं उभं राहून जिंकायला?"

"नियम," पंच म्हणाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत हालचाल झाली. वत्सलाबाई उठली. तिनं एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढत ओढत दारापर्यंत आणली, ती माझ्याखाली ठेवली, एका हातानं वेळ बघणाऱ्याचं डोकं धरून वर चढली आणि दुसऱ्या हातानं माझी दोरी पकडली.

"अहो आजी, झाली घंटा!" पंच ओरडले. "एकच टोला द्यायचा असतो!"

"तुमचा तुम्ही दिला, साहेब. आता माझा," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर मानूस रानात चुकलं का थाळी बडवायची. ओ येईस्तोवर हात थांबवायचा नाय. थांबवला का त्याला वाटतं, सगळी आपल्याला सोडून घरी गेली."

आणि तिनं दोरी ओढली.

टण्ण टण्ण टण्ण टण्ण! अहो, मला दचकायलाच सवड मिळेना! एका टोल्याचं थरथरणं संपायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा. झेंडूच्या पाकळ्या टेबलभर उडाल्या. 'हात लावू नये' पुठ्ठा गळून पडला. इतका वेळ कुठला पाहुणा घंटा वाजवतो? कुणीच नाही! हे ज्याला कळायचं त्याला कळणारच होतं. मी जीव खाऊन ओरडत होते, मोहिनी, हा मामा नाही गं, हे काका नाहीत, ही आजी आहे, आजी!

बाकीच्यांना मात्र भलतंच कळलं. घंटा थांबेना म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या कुणाचे तरी हात आपोआप टाळी धरू लागले. मग शेजारच्याचे. बघता बघता अख्खं कार्यालय उभं राहिलं आणि आरतीच्या ठेक्यात टाळ्या वाजवू लागलं. नांदगावच्या काकांनी डोळे मिटले. बाळाला पुन्हा उचललं. भटारखान्यातला आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि कुकरच्या झाकणावर साथ करू लागला. सटाण्याची मंडळी खुर्च्यांवरून उतरली, कारण आरतीला खुर्चीवर चढून कसं चालेल? स्नेहल मोजे आपटून ताल धरत होती. पंच तोंडानं "नियम, नियम" म्हणत होते, पण त्यांचा घड्याळाचा हात आणि मोकळा हात कधी एकत्र आले हे त्यांनाही समजलं नाही.

"आजी, वेळ संपत आली!" रंगनाथ सर ओरडले.

"संपू दे! ओ नाय आली अजून!"

खुर्ची डुगडुगत होती, उज्वलानं ती दोन्ही हातांनी धरली होती. पंचांना शुद्ध आली, त्यांनी घड्याळ बघितलं, स्नेहलचं मनगट धरलं आणि ते वर उचलायला सुरुवात केली. स्नेहलनं हात खाली ओढून धरला. मी वाजत होते. माझी कड तडकली तरी चालेल, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

आणि वरच्या मजल्यावर, जिथं शोधायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, तिथलं 'वधूपक्ष' अशी पाटी असलेलं दार धाडकन उघडलं. आतला मोठा आरसा लखकन चमकला. त्याच्यापुढे हवेत ठोसे मारून घामानं निथळलेली एक पोरगी कठड्याशी धावली, तोंडातलं दातांचं रबर लाल मोज्यात थुंकली आणि सगळ्या टाळ्यांवरून, कुकरांवरून, माझ्याही वरून ओरडली,

"ओऽऽऽ!"